घरटी एक मत

बारावीच्या हिवाळ्यात मी एका देशाच्या विधी समितीची अध्यक्ष होते. घरात हे कोणी फारसं मनावर घेत नसे. "अध्यक्ष महोदया, गीझर बंद करा," असं बाबा जाता-येता म्हणत आणि मी तो मुकाट्याने बंद करत असे. देशाचं नाव अमरावली गणराज्य. नकाशावर तो कुठेच नव्हता. कोणा हौशी मुलांनी इंटरनेटवर एक साइट काढून तो वसवला होता, आणि भोपाळ, कानपूर, पाटणा, जयपूर अशा गावांतली माणसं त्याची नागरिक होती. बहुतेक कॉलेजातली, थोडी नोकरीतली. साइटवर संसदेचं पान होतं, न्यायालयाचं होतं, वर्तमानपत्राचं होतं, आणि नुसत्या गप्पांसाठी 'चाय की टपरी' नावाचंही एक होतं. कोणी पंतप्रधान व्हायचं, कोणी विरोधी पक्षनेता. सगळा कारभार हिंदीत. खरी सत्ता कोणाच्याच हातात नव्हती, त्यामुळे आम्ही भांडायचो मात्र अगदी जीव तोडून.

घटनादुरुस्ती हा आमचा राष्ट्रीय छंद होता. मंत्र्याला न्यायाधीश होता यावं की नाही, निवडणूक दर महिन्याला घ्यावी की दोन महिन्यांनी, राष्ट्रगीत असावं का, यावर आम्ही दुरुस्त्या मांडायचो. आधी चर्चा व्हायची, मग मतदानाचं पान उघडायचं. त्या पानावर प्रत्येकाने आपल्या नावाखाली 'पक्ष', 'विपक्ष' किंवा 'तटस्थ' एवढंच लिहायचं, वाटलं तर कारण जोडायचं. मत सगळ्यांना दिसायचं. एकदा लिहिलेलं बदलता येत नसे, आणि मतदान सुरू झालं की दुरुस्ती मागेही घेता येत नसे. दोन-तृतीयांश मतं पडली की घटना बदलली. हे नियम बरेचसे मीच लिहिले होते आणि मला त्यांचा फार गर्व होता. तिथलं माझं नाव 'न्यायप्रिया' होतं. आज ते आठवलं की एकटी असले तरी मी लाजते.

आमचं घर हरिशंकरपुरममध्ये, तळमजल्याचं. कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाशेजारी भिंतीला लावून ठेवलेला, कारण टेलिफोनची तार तिथपर्यंतच पोचत होती आणि पुढे न्यायची तर बाबांना भिंत फोडावी लागली असती. त्यामुळे अमरावलीचं सगळं राजकारण फोडणीच्या वासात चालायचं. ग्वाल्हेरची थंडी ज्याने काढली आहे त्यालाच कळेल की त्या दिवसांत घरातली माणसं कशी एका खोलीत गोळा होतात. बाहेर धुकं, खिडक्या बंद, मध्ये हीटर, आणि हीटरच्या जवळ जी जागा मिळेल ती आपली. लाइट गेली की यूपीएस टीं टीं करून ओरडायचा आणि मी "पाच मिनट, बस पाच मिनट!" असं म्हणत त्यालाच विनवण्या करायचे. गल्लीत मटारवाला यायचा. बाबा एकदम पाच किलो घ्यायचे, कारण स्वस्त, आणि ते सोलायला मात्र ऑफिसातून उशिरा यायचे. टेबलावर वर्तमानपत्र पसरून आई शेंगा सोलत बसायची, आणि माझी पाठ तिच्याकडे आणि स्क्रीन तिच्या डोळ्यांसमोर अशी आमची बैठक होती.

आईबद्दल आता लिहायलाच हवं. ती झाशीची. आमच्या घरातली मंडळी कधी काळी दरबारात कारकुनी करणारी, त्यामुळे प्रत्येकाला मत होतं आणि ते मोठ्याने सांगायची सवय होती. आईला नव्हती. सोफ्याचं कापड कोणतं घ्यायचं, मी गणित घ्यावं की जीवशास्त्र, सुट्टीत इंदूरला जायचं की पुण्याला, काहीही विचारलं तरी तिचं उत्तर तयार असे: "तुम्ही म्हणाल तसं." बाबा वाईट नव्हते, ते दर वेळी तिला विचारत. पण उत्तर ठाऊक असल्यावर माणूस कसा विचारतो, तसं विचारत. मला त्या वयात वाटायचं की आईला खरंच काही फरक पडत नाही. आता मी स्वतः घरात "मला काहीही चालेल" म्हणते आणि माझा मुलगा ते खरं धरून पिझ्झा मागवतो, तेव्हा मला जे वाटतं, ते आईला किती वर्षं वाटत असेल याचा मी विचार करते.

तर आई शेंगा सोलता सोलता वाचायची. मला पत्ताच नव्हता. एक दिवस मागून आवाज आला, "त्या पाटण्याच्या मुलाने राजीनामा का दिला गं?" मी दचकून वळले. तिला सगळं माहीत होतं. विरोधी पक्षात फूट पडली आहे, अर्थमंत्री आणि वर्तमानपत्राची संपादक यांचं काहीतरी चाललं आहे, विधिमंत्री नीलकंठ फार हुशार आहे पण त्याला कोणी हो म्हटलं की तो चिडतो, हे सगळं तिने मटाराच्या दाण्यांबरोबर टिपून ठेवलं होतं. पुढे काही दिवस मी कोचिंगहून आले की ती आधी विचारायची, "काय झालं आज संसदेत?" आणि मग एकदा, शेंगांकडेच बघत म्हणाली, "मला घेतील का तिथे?"

मी लगेच अर्ज उघडला. नाव विचारलं होतं. मी म्हटलं, "काय लिहू? काहीतरी मस्त सोच ना." ती म्हणाली, "कुसुम." जराही न थांबता म्हणाली. माझ्या आईचं नाव वैदेही. कुसुम हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर बाबांनी अंगठीने वैदेही लिहिलं आणि त्या दिवसापासून कुसुम संपली. झाशीला तिला त्या नावाने हाक मारणारं तेव्हा कोणीच उरलं नव्हतं. मला हे नाव माहीत होतं, पण एखाद्या दूरच्या मावशीचं असावं तसं माहीत होतं. मी ते टाइप केलं आणि आई माझ्या खांद्यावरून ते स्क्रीनवर उमटताना बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे. दे पाठवून."

कुसुम अमरावलीत आली आणि थोड्याच दिवसांत माझ्याहून लोकप्रिय झाली, हे मला थोडं झोंबलं. ती दुपारी, मी शाळेत असताना लिहायची. एका बोटाने, सावकाश. नवा नागरिक आला की आम्ही त्याला घटनेची प्रत पाठवायचो. ही त्याला विचारायची, "स्वागत है। खाना खाया?" आधी मुलं हसली. मग सगळेच एकमेकांना तसं विचारायला लागले, आणि शेवटी पंतप्रधानांनी तिला रीतसर स्वागत अधिकारी नेमलं. पाटण्याचा मुलगा परीक्षेत नापास झाला तेव्हा त्याने टपरीवर पहिल्यांदा तिलाच सांगितलं. कानपूरची एक मुलगी भाजी बिघडली की थेट 'कुसुम जी' म्हणून साद घालायची. संध्याकाळी पोळ्या लाटताना आई मला सांगायची, "आज मला चार जणांनी हाक मारली." तिचा चेहरा तेव्हा कसा दिसायचा हे लिहून दाखवणं मला जमणार नाही, पण मी तो पाहिला आहे एवढं लिहून ठेवते.

मग नीलकंठने बाँब टाकला. कोणतं खातं कोणत्या कनेक्शनवरून चालतं हे साइट सांभाळणाऱ्यांना दिसायचं, आणि विधिमंत्री म्हणून ते त्यालाही दिसत होतं. त्याने संसदेत मांडलं की न्यायप्रिया आणि कुसुम एकाच कनेक्शनवरून येतात, कधीही एकाच वेळी हजर नसतात, आणि आजवर दोघींची मतं एकदाही वेगळी पडलेली नाहीत. सरळ म्हणाला नाही, पण अर्थ स्पष्ट होता: कुसुम नावाची कोणी बाईच नाही. मीच दोन नावांनी मतं टाकते आहे. पुरावा नसल्यामुळे त्याने शिक्षा मागितली नाही, दुरुस्ती मांडली. यापुढे एका कनेक्शनवर एकच नागरिक. ज्या घरात दोन असतील त्यांनी कोण राहणार ते स्वतः कळवावं.

मी रागाने लाल झाले. घरात एकच कॉम्प्युटर आहे तर एका वेळी दोघी कुठून येणार? मी लांबलचक उत्तर लिहायला घेतलं, कलमं-बिलमं घालून, आणि तिसऱ्या मुद्द्यापाशी अडले. मतं. मी वळून विचारलं, "आई, तुझी सगळी मतं माझ्यासारखीच कशी?"

"तुझं बघूनच देते ना मी," आई म्हणाली. शेंगा सोलणं चालूच होतं. "तू देऊन जातेस, मग मी दुपारी बघते आणि तेच लिहून देते."

"पण का?"

"तू एवढं वाचून राहिली आहेस त्यातलं. तू म्हणशील ते बरोबरच असेल."

मला रडू आलं, आणि ते नीलकंठवरच्या रागाने आलं नव्हतं. घरात तिला कोणी बोलू दिलं नाही असं मी मनात धरून चालले होते. इथे तर तिला कोणी अडवलं नव्हतं. तिच्या नावापुढे रिकामी जागा होती आणि तिथे ती माझं मत उतरवून काढत होती. नीलकंठचा संशय चुकीचा होता आणि तरी तो जे म्हणत होता ते खरं होतं. एका घरातून एकच मत येत होतं. मी उत्तर पुसून टाकलं आणि आईला म्हटलं, "या वेळी तू तुझं दे. मी आधी देणारच नाही. तू दिल्याशिवाय मी देणार नाही, बघ."

"अगं, पण तुझं काय मत आहे ते तरी सांग."

"नहीं बताऊँगी."

मतदान तीन दिवस चालणार होतं. ते तीन दिवस आमच्या घरात मोठे विचित्र गेले. ती माझी वाट बघत होती आणि मी तिची. सकाळी ती चहा देताना सहज विचारल्यासारखं करायची, "त्या दुरुस्तीचं मग तू काय ठरवलंस?" आणि मी बिस्किट तोंडात कोंबून निघून जायचे. दुपारी आल्यावर मी आधी पान उघडून बघायचे, तर कुसुमच्या नावापुढे काही नसायचं. बाबांनी नई सडकवरून तिळाची गजक आणली होती. आम्ही दोघी डब्यातून एकेक तुकडा काढून एकमेकींकडे न बघता खात होतो. बाबांनी मला हळूच विचारलं, "काय गं, झालं काय तुमच्यात? माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही, संसदेचं आहे. ते जरा बिचकले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. तिकडे पानावर मतं पडत होती. नवी मुलं कुसुमच्या बाजूने 'विपक्ष' लिहीत होती, जुनी मंडळी नीलकंठबरोबर होती. ठराव अगदी काठावर येऊन थांबला होता. मला खात्री होती की आई 'विपक्ष' लिहील, मी 'विपक्ष' लिहीन, आणि दुरुस्ती पडेल. फक्त तिने ते आधी, स्वतःहून लिहायला हवं होतं. मी तिला शिकवत होते. सतरा वर्षांच्या मुलीला आईला शिकवण्यात जो आनंद होतो तो मला पुरेपूर होत होता.

तिसऱ्या दिवशी मी कोचिंगला गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिले. दुपारी ऊन आलं. आईने हात पुसले, खुर्ची ओढली आणि मला म्हणाली, "तू जरा गच्चीत जा." मी गेले. शेजारच्या गच्चीवर लोकरीचे कपडे वाळत होते, मी ते मोजल्यासारखं करत उभी राहिले. पुष्कळ वेळाने तिने खालून हाक मारली. मी उतरून आले तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती. पानावर लिहिलं होतं:

"मैं कुसुम हूँ और बेटी से अलग इंसान हूँ। पर अब तक मैं उसका मत देखकर मत देती रही, इसलिए नीलकंठ जी का शक ग़लत नहीं है। एक घर से एक ही बात दो बार आए, यह ठीक नहीं। पक्ष।"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग मुद्दाम, दात-ओठ खात, खाली 'विपक्ष' लिहिलं. हरिशंकरपुरमच्या आमच्या घरातून पहिल्यांदाच दोन वेगळी मतं गेली. साइटवर एकच कल्लोळ झाला. अजून अर्धा तास बाकी होता, तेवढ्यात नीलकंठने लिहिलं की मी चुकलो, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत हे आता दिसतंच आहे, मला दुरुस्ती मागे घ्यायची आहे. घेता येत नव्हती. मत बदलायचं म्हणाला. बदलता येत नव्हतं. नियम माझेच होते. आईचं 'पक्ष' नसतं तर ठराव पडला असता. त्या एका मतावर तो पास झाला, आणि विधी समितीची अध्यक्ष म्हणून निकाल मलाच जाहीर करावा लागला. आईने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव कापून घेतलं असं मला वाटलं, आणि हे तिच्यासारखंच झालं असंही वाटलं. घरात शेवटची पोळी कधी तिने स्वतः घेतलेली मी पाहिली नव्हती.

हे मी आठवून लिहिते आहे, कारण अमरावलीचं आता काही शिल्लक नाही. साइट बंद पडून बरीच वर्षं झाली, त्याबरोबर आमची घटना गेली, वादविवाद गेले, ती मतंही गेली. आई आता सिटी सेंटर भागातल्या फ्लॅटमध्ये बाबांबरोबर असते. तिथल्या रहिवाशांच्या बैठकीत लिफ्टच्या प्रश्नावर ती सगळ्यांशी एकटी भांडून आली, असं बाबा फोनवर सांगत होते. सांगताना थोडे घाबरलेले होते आणि पुष्कळ खूश होते.

तर निकाल लागला, आणि कोण राहणार हे आठवड्यात कळवायचं होतं. मी मनात ठरवून टाकलं की मी जाईन आणि कुसुम राहील. ठरवल्यावर मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की दुसऱ्या दिवशी शाळेत माझं लक्षच नव्हतं. फिजिक्सच्या तासाला मी वहीच्या मागे निरोपाचं भाषण जुळवत बसले. आईला कसं सांगायचं, ती कशी नाही नाही म्हणेल, मी कशी ऐकणार नाही, मग ती कशी मला जवळ घेईल, हे सगळं बसवून मी घरी आले. आई कॉम्प्युटरसमोर होती. मी दप्तर टाकलं आणि म्हटलं, "आई, मुझे कुछ बोलना है. इकडे बघ."

"थांब, हे पाठवून देते," आई म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. नागरिकांच्या यादीत न्यायप्रिया या नावापुढे 'पूर्व नागरिक' असं आलं होतं. त्याखाली तिने सकाळीच लिहिलेली एक ओळ होती: "हमारे घर से कुसुम रहेगी।"

जे द्यायला मी हात पुढे करणार होते ते घेऊन ती आधीच बसली होती. मला राग आला, मोठा अपमान वाटला, आणि शेवटी मी रडायलाच लागले. "तू मला काढलंस? मला? मी आणलं होतं तुला!"

"तुझी बारावी आहे," आई म्हणाली. ती अजिबात ओशाळली नव्हती. "तू उद्या कॉलेजात जाशील, नोकरी करशील, तुला शंभर जागा मिळतील बोलायला. मला ही एकच आहे, नीतू. मला ती सोडायची नाही."

"मग विचारायचं तरी! मी नाही म्हटलं असतं का? मी तर हेच सांगायला आले होते!"

"माहीत आहे." तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा रगडून. "विचारलं असतं तर तू दिलीच असतीस गं. मग ती तू दिलेली झाली असती."

आणि ती स्क्रीनकडे वळली. जयपूरचा कोणी नवा मुलगा आला होता, तो वाट बघत होता. बाबा यायची वेळ झाली होती, कणीक भिजवलेली होती, म्हणून मी नाक ओढत स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पहिलीच पोळी तव्याला चिकटली, काळी झाली, घरभर धूर झाला. आई खोकली. पण उठून आत आली नाही.